परत आलेली आंबील

येळअमावस्येची आंबील आदल्या दिवशीच लावावी लागते. ज्वारीचं पीठ ताकात कालवायचं, चुलीवर शिजवायचं, लसूण-जिरं ठेचून घालायचं आणि मग भांडं झाकून बाजूला व्हायचं. ती आपली आपण आंबते. मधेमधे झाकण काढून बघणाऱ्या बाईची आंबील कधी चांगली होत नाही, असं माझी सासू म्हणायची, आणि मी तर बघितल्याशिवाय राहूच शकत नाही. तरी लोक माझ्या आंबिलीला नावं ठेवत नाहीत. तोंडावर तरी ठेवत नाहीत.

ज्यांना हा सण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मार्गशीर्ष सरता सरता जी अमावस्या येते ती आमची येळवस. लातूर-उदगीरकडं आहे, आमच्या बिदरकडं आहे, कलबुर्गीकडंही आहे. त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही, सगळे रानात. हिरव्या तुरीचे दाणे, वाल, हरभरा, मेथी, कांद्याची पात, रानात जे असेल ते बेसन नि चिंचेच्या पाण्यात शिजवून भज्जी करायची. बाजरीच्या पिठाचे उकडलेले गोळे, उंडे, करायचे. आणि आंबील. जेवायला कोण? दिसेल तो. रस्त्यानं बस चाललेली असली तर कंडक्टरलासुद्धा हाक मारायची. आणि हाक आली की नाही म्हणायचं नाही, अशी रीत. नाही म्हटलं तर तो रानाचा अपमान.

आम्ही बौद्ध. सासऱ्यांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देव गेले, उपासतापास गेले, पण येळवस राहिली. पूजा तेवढी काढून टाकली. सासरे म्हणायचे, "देव सोडलेत, माणसं जेवायला बोलवायचं कामून सोडायचं?"

आमचं रान जनवाड्याला. शेजारच्या रानाचे मालक त्या काळी म्हातारे होते, मोठ्या घरातले, बोलायला गोड. सासऱ्यांनी हाक मारली की बांधापर्यंत यायचे आणि बांधावर उभे राहायचे. पुढं पाऊल नाही. माझा मुलगा तेव्हा लहान होता, दुसरी-तिसरीत असेल. एका येळवसला मीच त्याच्या हातात तांब्या दिला, म्हटलं, जा, त्या अप्पांना आंबील देऊन ये. पोरगं दोन्ही हातांनी तांब्या धरून, सांडू नये म्हणून आपल्याच पायांकडं बघत बघत गेलं. म्हाताऱ्यानं हात जोडले. "जेवलो समज, बाळा," म्हणाले. हसून म्हणाले. रागानं म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं.

पोरगं भरला तांब्या घेऊन तसंच परत आलं. "माय, त्यांनी कामून न्हाई घेतली? मी हात धुतले होते."

"पोट भरलेलं आसंल त्यांचं."

"मग 'समज' कामून म्हणले?"

मी चुलीत काटक्या सारल्या.

आता त्याच म्हाताऱ्यांचा मुलगा, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, दर येळवसला आमच्या कडब्याच्या खोपीत मांडी घालून जेवतो, आणि वर भज्जीत मीठ कमी आहे म्हणून मलाच बोलतो. दिवस बदलले नाहीत असं मी म्हणत नाही. पण बांधावरची ती गोष्ट आम्ही नातवंडांना कधी सांगितली नाही. पोरं गोड मानून जेवायलीत, त्यांच्या घासात खडा कशाला टाकायचा?

जी सांगितली ती दुसरी गोष्ट. सासऱ्यांच्या वडिलांपर्यंत आमची माणसं गावाची कामं करायची. सांगावे न्यायचे, मेलेलं ढोर ओढायचं, आणि त्याच्या बदल्यात संध्याकाळी टोपली घेऊन दारोदार शिळ्या भाकरीचे तुकडे गोळा करायचे. धम्म घेतला त्या वर्षी सासऱ्यांनी ती टोपली उचलली आणि चुलीत घातली. "कामाचे दाम घेईन, तुकडा घेणार न्हाई." ही गोष्ट मात्र घरातल्या प्रत्येक लेकराला पाठ. माझ्या नातीला तर सगळ्यात जास्त. लहानपणी ती ही गोष्ट सांगायला लावायची आणि टोपली चुलीत पडली की टाळी वाजवायची.

ही नात माझ्या मुलीची मुलगी. मुलगी-जावई बांधकामाच्या मागं हैदराबादला, कधी आणखी कुठं, म्हणून पोर वाढली जनवाड्यात, मामाच्या घरी. मामा म्हणजे माझा तो तांब्या घेऊन गेलेला मुलगा. त्यानं तिला सायकलीवर पुढं बसवून शाळेत नेलं, ताप आला तर पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं. येळवसला आंबिलीची किटली रानात आली की पहिलं झाकण हिचं. वाटीत नको, ग्लासात नको, किटलीच्या झाकणातच पाहिजे. झाकणाला कड असते, ओठाच्या दोन्ही बाजूंनी आंबील गळते, फ्रॉक भिजतो. मामा म्हणायचा, "पिऊ दे. रान बी जरा पितंय."

पुढं ती शिकली आणि बिदरला विद्यापीठाच्या केंद्रात एमबीएला लागली. मग मी तिच्यासोबत बिदरला आले, दोन खोल्या घेतल्या. तिची वर्गातली एक मैत्रीण बसवकल्याणकडच्या मुडबीची, तीही आमच्यातच राहायला आली. तिचे वडील शिक्षक, सोवळ्याओवळ्याचं जुनं घर. तिची आई पहिल्यांदा पोरीची खोली बघायला आली तेव्हा मी चहा ठेवला. बाईनं कपाकडं जरा बघितलं. पण घेतला, आणि दुसऱ्या खेपेला मागून घेतला. पोरगी तर पहिल्या दिवसापासून माझ्या परातीतलं पीठ खायची. मला "अज्जी" म्हणायची, तिच्या घरात कन्नड जास्त. शेजारीपाजारी माझ्या पोरींना जनवाड्याची आणि मुडबीची असंच म्हणायचे, मीपण म्हणू लागले.

एमबीएत त्यांना एक विषय होता, धंद्यातली नीती. मला हसू यायचं. म्हटलं, ह्याचं पण पुस्तक निघालं का? मुडबीची म्हणाली, "अज्जी, पुस्तक हाय म्हणूनच तर नीती न्हाई."

त्यांच्या सरांनी वर्गाला एक प्रश्न दिला. तुम्ही एका कंपनीत माल घेणाऱ्या जागेवर आहात. माल देणारा सणाला मिठाईचा डबा घेऊन आला. घ्याल का? पुस्तकातलं लिहू नका, तुमच्या घरात काय करतील ते लिहा. उत्तरं गोळा करायचं काम ह्या दोघींकडं. संध्याकाळी मी शेंगा सोलत बसलेली, आणि ह्या दोघी एकेक वाचून दाखवायच्या. काय सांगू, सगळा जिल्हा माझ्या स्वयंपाकघरात आला.

आडत दुकानदाराचा मुलगा लिहितो, डबा घ्यावा, पुढच्या सणाला त्याच वजनाचा डबा पाठवावा, कुणाचं कुणावर काही राहत नाही. एक ऑफिसराची मुलगी म्हणते, घ्यावा पण घरी नेऊ नये, ऑफिसात सगळ्यांसमोर फोडावा. एकानं लिहिलं, आमच्यात दारी आलेलं अन्न प्रसाद, नको म्हणता येत नाही, आधी दुसऱ्याला द्यावं आणि मग आपण खावं. आणि त्यांच्या वर्गातला जुन्या बिदरमधला एक मुलगा, त्याचं उत्तर मुडबीचीनं त्याच्याच आवाजात वाचलं, "मिठाई वापस करे तो सामनेवाले के दिल को लगता. दिल को लगा तो धंदा क्या करते?"

"आन् तू काय लिवलीस?" मी मुडबीचीला विचारलं.

"घ्यायचा आन् खायचा. माल खराब आसला तर खात खातच परत पाठवायचा. तोंड माझं, नियम कंपनीचा."

"आन् तू?"

माझ्या नातीनं मान वर केली नाही. "मी लिवलं, घेणार न्हाई. कामाचे दाम घेईन, तुकडा घेणार न्हाई."

मला भरून आलं. टोपली जाळली त्या चुलीची धग चौथ्या पिढीपर्यंत आली की. मुडबीची मात्र गप बसणाऱ्यातली नाही. "आगं, मिठाईचा डबा हाय तो, तुकडा कुठला?"

"तुला तो डबाच दिसंल," नात म्हणाली. "तुमच्या दारात कुणी तुकडे टाकले न्हाईत."

मग मुडबीचीनं एक शेंग उचलून तिच्या डोक्यात मारली, आणि दोघी हसल्या. पण बोललेलं खोटं नव्हतं, ते दोघींना ठाऊक होतं.

पुढं हिवाळ्यात दोघींचं प्रोजेक्ट बिदरजवळच्याच कोळारला लागलं. तिथं कारखाने नि गोदामं. ह्यांच्या वाट्याला एका कंपनीचं तुरीचं गोदाम आलं, शेतकऱ्यांकडून थेट माल घेणारं. मुडबीची आत कॉम्प्युटरवर, आणि माझी नात गेटवर. पोत्यातून मूठभर तूर काढायची, मशीनमध्ये टाकायची, मशीन ओल सांगतं. जास्त ओली असली की पोतं परत. आणि गेटच्या भिंतीवर पाटी, कन्नडमध्ये नि इंग्रजीत, की माल देणाऱ्याकडून काही घ्यायचं नाही, चहासुद्धा नाही. नातीनं मला फोनवर त्या पाटीचा फोटो दाखवला. एखाद्या पोरीनं नवी साडी दाखवावी तसा दाखवला.

त्या वर्षी धुई-धुकं लई पडलं. तूर कापून ठेवली तरी सुकेना. येळवसच्या आठवड्यात माझा मुलगा आपली पोती घेऊन कोळारला गेला, आणि तिथून सरळ आमच्या खोलीवर आला. चप्पल काढायच्या आधीच हसायला लागला.

"माय, तुझ्या नातीनं आज मला परत लावलं!"

"काय म्हणायलास?"

"मूठ घेतली, मशीनमधी टाकली, मला म्हणते, 'मामा, ओली हाय, न्हाई चालायची.' मी म्हणलं, आगं बघ की नीट. तर मशीन माझ्यापुढं फिरवून दावली. म्हणलं बरं बाई, तू मशीनपेक्षा कडक हायस."

"राग आला का?"

"राग कशाचा? ओली तूर ती ओलीच. मला ठाऊक नव्हतं का? तरी म्हणलं बघू, भाची हाय गेटवर." आणि पुन्हा हसला. "भाची हाय म्हणून नेली, आन् भाची हाय म्हणूनच परत आली. अमावस्या झाली की वाळवून नेतो."

हे मी मुद्दाम सांगते. पोत्यांचं त्याला काही वाटलं नव्हतं. उलट रांगेतल्या माणसांना त्यानं सांगितलं होतं, ही माझी भाची, मीच शाळेत नेलीय. खरं तर सांगायला नको होतं, पण त्याला कसं कळावं? त्याच रांगेत कुणीतरी बोललं होतं, मामा-भाचीचं दुकान हाय म्हणा की. आणि दुसरा म्हणाला होता, आता गेटवर बी ह्यांचीच माणसं. मामानं ते ऐकलं नाही. तिनं ऐकलं होतं.

अमावस्येच्या आदल्या दिवशी मी जनवाड्याला गेले. आंबील लावली, झाकण काढून बघितली, शिव्या खाल्ल्या सुनेच्या. नातीला सुट्टी मिळाली नव्हती. बिदरची निम्मी दुकानं बंद असतात त्या दिवशी, पण गोदामाला येळवस नसते. संध्याकाळच्या बसनं येते म्हणाली.

सकाळी रानात सगळे जमले. अण्णा आले, सोयरे आले, रस्त्याच्या कामावरचे दोघे-तिघे आले. पहिली पंगत बसायच्या आधी माझा मुलगा किटली भरू लागला. मी म्हटलं, "कुठं चाललास?"

"कोळारला. पोरगी उपाशी आसंल."

"आरं, संध्याकाळी यायलीय की ती."

"संध्याकाळपतुर आंबील आंबट होती. पहिलं झाकण तिचं आसतंय, माय."

पंगत सोडून, पाहुणे अण्णांच्या हवाली करून, मोटारसायकलीला किटली लटकावून तो गेला. मला ठाऊक आहे त्याच्या मनात काय होतं. पोती परत लावली म्हणून पोरीच्या जिवाला टोचत असेल, तर ते आंबिलीनं धुऊन टाकावं. माणूस बोलून दाखवत नाही, मग असं काहीतरी करतो.

पुढचं मी बघितलं नाही, मुडबीचीनं सांगितलं. ती जेवणाच्या सुट्टीत बाहेर आलेली होती. गेटवर गाड्यांची रांग होती, वॉचमन होता, आणि ते परवाचे रांगेतलेही दोघं होते. मामानं किटली मशीनच्या टेबलाजवळ ठेवली, झाकण काढून पुसलं, त्यात आंबील ओतली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरली. "घे बाई. पहिलं झाकण."

ती उठून उभी राहिली. तिच्या डोळ्यांपुढं काय काय असेल. ती पाटी. ती रांग. मामाची वाळायला घातलेली तूर उद्या-परवा परत इथंच येणार आहे, ह्याच टेबलावर, तीच मूठ घेणार आहे, आणि त्या वेळी मशीन चांगलं दाखवेल तर ही माणसं म्हणतील, आंबील पाजली होती की. आणि ती चुलीत पडलेली टोपली. सगळं एका झाकणात.

आवाज चढवून बोलली नाही ती. मामाला लाज वाटू नये म्हणून हसली. हात जोडले. म्हणाली, "मामा, तुझा माल यायचा हाय आजून. इथं नको. जेवले समज. घिऊन जा."

मुडबीची म्हणाली, "अज्जी, मामा तिच्याकडं बगतच राहिले. लई वेळ. मग आंबील किटलीत परत ओतली. एक थेंब सांडू दिला न्हाई."

रानात मोटारसायकल परत आली तेव्हा दुसरी पंगत चालली होती. तो किटली घेऊन चालत आला, पायांकडं बघत. मी खोपीच्या तोंडाशी होते. किटली माझ्यापुढं ठेवली.

"परत आली, माय."

एवढंच. मला आधी कळलंच नाही. म्हटलं, भेटली न्हाई का? तर म्हणाला, "भेटली. जेवले समज म्हणली."

अण्णा समोरच जेवत होते. त्यांचा हात ताटातच थांबला. त्यांना ते शब्द कुणाचे हे ठाऊक असणार. बांधावर वडिलांच्या मागं तेही तेव्हा उभे असायचे, नुकतं मिसरूड फुटलेले. मग त्यांनी वाटी पुढं केली, "मला दे ती. माझी राहिलीय." पण माझ्या मुलानं ऐकलं नाही. रीत आहे आमच्याकडं, शेवटी थोडी आंबील पिकावर शिंपडायची. त्यानं किटलीच उचलली आणि कापायच्या राहिलेल्या तुरीच्या ओळींत चालत गेला, आणि सगळी ओतून आला.

संध्याकाळी पोरगी आली. बसमधून उतरून बांधावरून जवळजवळ पळतच आली. तोंड सुकलेलं. दिवसभर डबा उघडला नव्हता तिनं. मामाला परत लावून आपण जेवायचं, हे तिच्यानं झालं नसेल. पिशवी टाकली आणि पहिलं काय विचारलं, "आजी, माझी आंबील कुठाय?"

मी सुनेकडं बघितलं, सून माझ्याकडं.

"सरली, बाय."

"किटलीतली?"

मामा बैल सोडत होता. ती त्याच्याकडं गेली. मी ऐकत होते. "मामा, तू रागावलास? तिथं समद्यांच्या म्होरं कशी पिऊ मी? ते लोक काय म्हणायलेत तुला ठाऊक न्हाई. इथं दे की, इथं किटली भरून पिते."

"न्हाई बाई, रागावलो न्हाई. पोती परत पाठवलीस ते बरोबरच होतं. आंबील परत पाठवलीस तेबी बरोबरच आसंल." बैलाच्या पाठीवर हात फिरवत होता, तिच्याकडं बघत नव्हता. "पोत्याचं मला कळतंय. आंबिलीचं मला कुणी शिकवलं न्हाई."

मग तो बैल घेऊन गावाकडं गेला आणि मी तिला खोपीत बसवून ती बांधावरची गोष्ट सांगितली. तांब्याची. हात धुतले होते त्याची. सांगताना मला वाटत होतं सांगू नये, पण आता न सांगून काय राहणार होतं? ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा असा होत गेला की मला मधेच थांबावंसं वाटलं.

"मला कामून न्हाई सांगितलं?" ती म्हणाली. "आजी, मला टोपलीचीच गोष्ट सांगितली तुम्ही. मी तर पणजोबावानीच केलं."

खरं होतं ते. ती पणजोबावानीच वागली होती. आणि मामाला दिसला होता बांधावरचा म्हातारा. दोघांनी एकाच घरातून आणलेलं होतं सगळं, आणि तिथं गेटवर एकमेकांसमोर धरलं. मी कुणाला चूक म्हणू? त्या पाटीलाही चूक म्हणवत नाही. तिथं बसणाऱ्यानं खाऊ नयेच. पण पाटी लिहिणाऱ्याला काय ठाऊक, की काही घरांत नको म्हणणं हे नुसतं नको म्हणणं नसतं. आमचं अन्न कुणी नाकारलं की आमच्या अंगावर जुनं काहीतरी उठतं. मुडबीचीच्या घरात त्यांच्या हातचं कुणी कधी परत केलेलं नाही, म्हणून ती हसत घेऊ शकते आणि हसत नाही म्हणू शकते. तिचंही बरोबरच आहे. ती पोरगी त्या आठवड्यात माझ्या नातीला धरून रडली, आणि एकदा मला म्हणाली, "अज्जी, मी आसते तर प्याले आसते. पण मग मी प्याले त्याला कुणी काय बी म्हणलं नसतं. तिलाच म्हणले आसते." एवढं तिला कळलं, हे काय थोडं आहे?

पुढं वर्गात सरांना कुणीतरी सांगितलं. सरांना लई आनंद झाला. त्यांनी नातीला उभं केलं, म्हणाले, पुस्तकातलं उत्तर सगळेच लिहितात, जगून दाखवणारी ही एक. वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. घरी आली ती आली आणि भिंतीकडं तोंड करून निजली. जेवायला उठवलं तर म्हणाली, "आजी, ते टाळ्या वाजवायले आन् मला किटली दिसायली."

मामानं तूर वाळवली. खणखणीत वाळवली, दाताखाली धरली तर टक्क वाजायची. पण कोळारला नेली नाही. बिदरच्या बाजारात घालून आला, भाव पडलेला असताना. मी विचारलं तर म्हणाला, "तिथं पोरीची पंचाईत व्हती." नात रोज गेटवर त्याच्या गाडीची वाट बघत होती. मशीन पुसून ठेवायची म्हणे. एक दिवस संध्याकाळी मला म्हणाली, "आजी, मामाची तूर कदी यायची?" मी सांगितलं, गेली.

भांडण झालं नाही हो. भांडण झालं असतं तर मिटलं असतं. आमच्याकडं भांडणं चार दिवसांत मिटतात, कुणाचं तरी लग्न निघतं किंवा कुणी तरी आजारी पडतं. हे तसलं नव्हतं. तो तिच्याशी नीट बोलायचा. फार नीट. आधी बोरं आणली की तिच्या ओच्यात ओतायचा, आता पिशवी ओट्यावर ठेवतो आणि विचारतो, "बोरं आणलीत. चालतंय का?" हुरडा आणला, "चालतंय का?" टोमणा असता तर तिनं उलटा टोमणा मारला असता, ती काही कमी नाही. पण तो खरंच विचारतो. त्याला वाटतं शिकलेल्या माणसांच्या जगात असं विचारायचं असतं, आणि आपल्यालाच उशिरा कळलं.

ती म्हणायची, "मामा, आसं कामून इचारतोस?"

"इचारून घ्यावं, बाई. तुमचे नियम आसतेत."

आता ती हैदराबादला नोकरीला आहे. मोठ्या कंपनीत माल घेण्याच्याच जागेवर. मुडबीची बेंगळुरूला गेली, महिन्यातून फोन करते आणि आंबील कशी लावायची ते दर वेळी नव्यानं विचारते. तिची कढीच होते.

यंदाच्या येळवसला नात सुट्टी काढून आली. आदल्या दिवशीच आली, माझ्याजवळ बसून ज्वारीचं पीठ कालवलं, आणि मी झाकण काढून बघितलं की माझ्या हातावर मारलं, अगदी माझ्या सासूवानी. सकाळी रानात सगळ्यांच्या आधी जाऊन खोपीत बसली. अण्णा आले. आता त्यांनाही दिसायला कमी आलंय. "कोण, जनवाड्याची का हैदराबादची?" म्हणाले. ती म्हणाली, "तुमच्या बांधाचीच, अण्णा." अण्णांनी मान खाली घातली.

मामानं किटली आणली. पिशवीतून एक ग्लास काढला. स्टीलचा, नवा, वरचा कागद अजून निघायचा होता. बाजारातून तिच्यासाठी आणलेला. तो कागद नखानं काढत बसला. ती म्हणाली, "मला झाकणात दे."

"झाकणातून गळतंय. तुझे कपडे चांगले हायत."

"गळू दे."

त्यानं ग्लास हातात धरून ठेवला. मग झाकण उलटं केलं, पुसलं, अर्धं भरलं, आणि तिच्यापुढं धरलं. पण धरण्याआधी विचारलंच. "चालतंय का?"

ती "व्हय मामा" म्हणाली आणि प्याली. आंबील दोन्हीकडून गळली, ड्रेसवर पडली, तिनं पुसली नाही. रान जरा पिऊ दे, असं कुणीतरी म्हणावं म्हणून थांबल्यासारखी थांबली. मामा तुरीकडं बघत होता. अण्णांना म्हणाला, "लई शिकली आमची पोरगी." अभिमानानं म्हणाला. एखाद्या लांबच्या पाहुण्याबद्दल म्हणावं तसं.

तिनं रिकामं झाकण परत पुढं केलं. आणखी पाहिजे म्हणून.

मामानं किटली उचलली, आणि तिच्याकडं नाही, माझ्याकडं बघितलं.

"माय, देऊ का तिला?"

"दे की," म्हटलं. "इचारतोस काय?"

त्यानं दिली. ती प्याली. तिसऱ्या खेपेला तिनं झाकण पुढं केलं तेव्हा त्यानं परत माझ्याकडं बघितलं.